बेळगावात झोंबी आले तर पंचनामा कोण करणार? (कथेसाठी मदत हवी)

वडगावकर_मुक्काम_पुणे

मंडळी, दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतलीय. शहराचं नाव वेणुपूर. वेणुग्राम हे आपल्या गावाचं जुनं नाव, त्यामुळं ज्याला जे ओळखायचं ते ओळखू दे. नगरसेवक, आमदार, ठेकेदार मात्र सगळे काल्पनिक. विषय असा की मेलेली माणसं उठायला लागतात, आणि शहर त्याआधीच आतनं पोखरलेलं असतं.

अडचण सांगतो. परदेशी गोष्टींत एखादी गुप्त प्रयोगशाळा असते, दुष्ट कंपनी असते, बाटली फुटते आणि साथ सुटते. मला ते नको. आपल्याकडं वाईटपणासाठी कुणी एवढी मेहनत घेत नाही. आपल्याकडं फाइल टेबलावर पडून राहते. साथ कुठूनही येऊ दे, ती आवरली का जात नाही, हे मला दाखवायचंय. औषधखरेदी, कचऱ्याचा ठेका, मतदारयादी, चेकपोस्ट, सगळंच घ्यावंसं वाटतं. आणि सगळं घेतलं की कथेचं भाषण होतं.

म्हणून एकच प्रश्न. तुम्ही लिहीत असता तर या गोष्टीतली पहिली लाच कोण कुणाला देतो?

तिसरं_गेट

आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. रेल्वेचं फाटक पडलं तर झोंबी थांबणार की दांड्याखालनं वाकून जाणार? वाकून गेला तर तो टिळकवाडीचाच, त्याला चावायचा हक्क आहे.

कुंदा_पावशेर

सगळ्यांना सुवर्णसौधमध्ये, विधानसभेच्या त्या इमारतीत कोंडा. हिवाळी अधिवेशन सोडलं तर रिकामंच असतंय की.

तिसरं_गेट

@कुंदा_पावशेर हा जोक येणार हे धागा उघडायच्या आधी माहीत होतं. २०१२ला इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हापासून चालूय.

गुरुजी_निवृत्त

धागाकर्त्यांनी ‘झोंबी’ हा प्रकार मुळात काय आहे ते ध्यानात घ्यावे, कथेला उपयोग होईल. हैतीमधला मूळ झोंबी कुणाला चावत नाही, मेंदू खात नाही. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. मरण आले की सुटका, एवढीच त्यांना आशा. त्यांची सर्वांत मोठी भीती ही, की मेल्यानंतरही कुणीतरी उठवून पुन्हा मळ्यात जुंपेल. चावरा आणि साथ पसरवणारा झोंबी ही फार नंतरची, सिनेमाची करणी.

आपला मुंजा पिंपळ सोडत नाही, समंध स्वतःच्या पुरलेल्या धनावर बसतो, वेताळ शहाण्यासारखा प्रश्न विचारतो. प्रत्येकाचे काहीतरी राहिलेले असते. झोंबीचे काहीच राहिलेले नसते, फक्त त्याच्याकडून काम करून घ्यायचे राहिलेले असते. आता मला सांगा, मेल्यानंतरही कामावर असलेला मजूर आपल्याकडे कुठे भेटतो?

माळी_गल्ली

हजेरीपुस्तकात!! गुरुजी दंडवत.

वडगावकर_मुक्काम_पुणे

गुरुजी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वेणुपूरच्या सफाई कामगारांच्या यादीत चाळीस मेलेली माणसं आहेत, पगार निघतोय, ठेकेदार घेतोय. एक दिवस ती चाळीस माणसं खरंच हजर होतात. मुकादमाची पंचाईत अशी की कागदावर ते रोजच येत होते!

चोर्ला_घाट

उलटा माणूस उत्तर प्रदेशात होऊन गेलाय. आझमगडचे लाल बिहारी. नातेवाइकांनी जमिनीसाठी कागदोपत्री मारलं, आणि हा गडी जिवंत असल्याचं सिद्ध करायला १९९४ पर्यंत भांडत राहिला. ‘मृतक संघ’ काढला, नावापुढं ‘मृतक’ लावलं. १९८९ला अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात उभा राहिला, निवडणुकीत नाव आलं म्हणजे सरकारनं जिवंत धरलं म्हणून. २००३ला त्याला इग्नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीची नक्कल, मिळालं, शांततेचं.

तुमच्या कथेत दोन्ही रांगा एकाच खिडकीसमोर लावा. एकीत जिवंत माणसं, कागदावर मेलेली. दुसरीत मेलेली माणसं, कागदावर जिवंत. दुसरी रांग भराभर सरकते.

कुंदा_पावशेर

हयातीचा दाखला मागणारा झोंबी. पेन्शन चालू राहायला पायजे म्हणून बँकेत अंगठा लावायला आलाय, आणि मशीन म्हणतंय ठसा जुळत नाही. खरं आमच्या आजोबांचा जिवंतपणीसुद्धा जुळत नव्हता.

उचगाव_फाटा

सगळे शहरातच फिरूलालेत. आमच्या बाजूला या की. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. झोंबीला कुठं माहीत हद्द? समजा तो बरोबर हद्दीवर पडला, मुंडकं तिकडं, पाय इकडं. पंचनामा कुणी करायचा? जमीन म्हटलं की दोन्ही सरकारं म्हणतात आमची. मढं म्हटलं की दोघं म्हणतील तुमचं.

कोरोनात बघितलंय की आपण. कोगनोळी नाक्यावर निपाणीची माणसं कागलला जायला-यायला आरटीपीसीआरचा कागद घेऊन उभी. सकाळी कामाला जाणारा माणूस संध्याकाळी परदेशातनं आल्यासारखा. नाका असला की मामूल आलंच. तुमची पहिली लाच तिथं दाखवा, चावलेल्या पोराला बाप गाडीच्या डिकीत घालून नाका पार करतोय.

शहापूर_माग

@उचगाव_फाटा डिकीचा सीन परदेशी वाटतो ओ. आपल्यात आजारी पोराला मांडीवर घेऊन बसतील आणि पोलिसाला सांगतील, झोपलाय.

उचगाव_फाटा

हे बेस्ट. डिकी कॅन्सल.

सीमावासी_५६

एक नोव्हेंबरला साथ सुरू झाली असं दाखवा. इकडं महाराष्ट्रात जायला मागणाऱ्या मराठी लोकांची काळ्या दिनाची सायकल फेरी, तिकडं चन्नम्मा सर्कलला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, आणि मधे झोंबी. पोलिसांना कळेना कुणावर लाठी चालवायची.

येळ्ळूर_गड

@सीमावासी_५६ नको. स्पष्ट सांगतो, वाईट वाटलं. माझ्या घरातली माणसं त्या फेरीत वर्षानुवर्षं गेलीत. सतरा जानेवारी आणि एक जूनला आम्ही सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो. तिथं मेलेल्यांची चेष्टा जोडून बघू नका. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, त्यावर हसायला आमची ना नाही. खरं माणसांवर नको.

सीमावासी_५६

नावावरनं कळत असेल मी पण त्यातलाच आहे. आमचे वडील जाऊन आले हिंडलग्याच्या तुरुंगात. हसू नये असं कुठं लिहिलंय?

येळ्ळूर_गड

तुमचे वडील हसले असते का, तेवढं सांगा.

सीमावासी_५६

हसले असते. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता. बरं, सोडतो.

वडगावकर_मुक्काम_पुणे

येळ्ळूरकर, तारीख घेणार नाही. सूचनांचं फलक मात्र घेणार आहे. ‘घराबाहेर पडू नका, चावलेल्यांनी ताबडतोब कळवा’ हे फक्त कन्नडमध्ये लावलेलं, आणि अर्ध्या गल्ल्यांतली म्हातारी माणसं त्याखाली उभी राहून पोरांना विचारताहेत काय लिहिलंय. वस्तीत एखाद्या भाषेचे पंधरा टक्क्यांच्या वर लोक असले की त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम आहे, तो कुठं आहे हे आपल्याला ठाऊक आहे. पुढाऱ्यांना ते सोयीचंच पडतं. गटार तुंबलं तरी भांडण भाषेवर नेता येतं, आणि दोन्ही भाषांतले ठेकेदार एकाच हॉटेलात जेवतात.

माळी_गल्ली

शेवटचं वाक्य कथेत ठेवा. हॉटेलचं नाव नको.

डॉ_कॅम्प

मी डॉक्टर आहे, त्यामुळे दोन गोष्टी. एक, रोग काय घ्यायचा? रेबीजच्या जवळपास राहा. विषाणू चाव्यातून शिरतो, नसांमधून सावकाश मेंदूकडे जातो, लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात आणि दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्याच्या आधी मात्र जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून वेळेवर लस घेतली तर वाचतो. म्हणजे जगण्या-मरण्याचा सगळा निकाल मधल्या काळात लागतो. तुम्ही तो काळ महिन्यांऐवजी तासांवर आणा.

दोन, लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. फ्रिज घेतला, बॅटरी बॅकअपचं बिलही काढलं, बॅकअप आलाच नाही. लाइट गेली. नंतर टोचलेली प्रत्येक सुई बरोबर, नोंद बरोबर, लाभार्थ्याची सही बरोबर, फक्त आत औषध मेलेलं. इथे कुणी राक्षस नाही. एक माणूस टक्केवारी खातो आणि बाकीचे प्रामाणिकपणे सुया टोचत राहतात.

२००९ मध्ये कॅनडातल्या काही गणितज्ञांनी झोंबींच्या साथीचं खरंखुरं गणित मांडलं होतं. निष्कर्ष असा की लवकर, जोरात आणि पुन्हा पुन्हा घाव घातला तरच माणसं टिकतात. थोडं थांबून बघू म्हणणारं शहर संपतं. आता ‘थोडं थांबून बघू’ हे कुठल्या फाइलवर लिहिलेलं नसतं?

तिसरं_गेट

डॉक्टर, लसीवरून आठवलं. आपलं व्हॅक्सिन डेपो मैदान! अर्धी टिळकवाडी रोज तिथं झाडाखालनं फिरते, आणि नाव तसं का हे विचारलं तर पोरं म्हणतात कोरोनाची लस तिथं दिली असेल.

गुरुजी_निवृत्त

देवीची लस तिथे तयार होत असे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यासाठी. वासरांच्या कातडीवर वाढवून लस काढत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच आपल्या भागातही पोचला. घरात उंदीर पडला की माणसे कुलूप लावून शेतात खोपटे घालून राहत. १८९७चा साथरोग कायदा त्याच धामधुमीत झाला, अवघ्या चार कलमांचा, आणि तोच २०२० साली पुन्हा बाहेर काढला. प्लेगच्या त्या काळातही लोक घरातला रोगी लपवत. गोऱ्यांची तपासणी, घरात घुसणे, माणूस उचलून नेणे, याची दहशत. तेव्हा लपवण्यासाठी शिपायाचा हात ओला केला जाई, असे आमच्या आजी सांगत. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला हे धरून आहे. लाच देणारा घाबरलेला असतो. तो लोभी असायलाच हवा असे नाही.

शहापूर_माग

आमच्या भागातलं एक सांगतो. कथेतले झोंबी आवाजाकडं येतात असं धरलंय ना? मग शहापूर, वडगाव, खासबाग पहिल्या रात्रीच संपणार. माग बंद करायला मालक तयार होणार नाही, साडीची ऑर्डर असते. आणि बंद झालेच तर म्हातारी माणसं घाबरून जागी होतील. खटखटाट थांबला की आमच्यात कुणालाच झोप लागत नाही. वडगावचे असून तुम्ही हे घेतलं नाही म्हणजे पुण्याचं पाणी लागलं.

वडगावकर_मुक्काम_पुणे

@शहापूर_माग घेतलं. आमचे माग विकून झाले, म्हणून सुचलं नसेल.

खानापुरी

खोट्या मृत्यूदाखल्यासाठी स्टॅम्पपेपर लागला तर आमच्याकडं या. तेलगी खानापूरचाच. देशभर खोटे स्टॅम्पपेपर विकले, आणि त्यावर झालेले व्यवहार लोकांनी खरे धरून घरं बांधली. झोंबी पण असंच की, वरनं सगळं बरोबर दिसतंय.

कुंदा_पावशेर

गावचं नाव काढलं म्हणतात ते हेच काय ओ?

खानापुरी

गप रे. आमच्याकडं जंगल पण आहे, ते सांग की लोकांना.

चोर्ला_घाट

जंगल म्हटलं तर माकडताप आहेच. १९५७ला शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, २०१६ला दोडामार्गात. गोचिडीतनं माणसाला होतो. साथ कुठून आली हे दाखवायचंच असेल तर काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं आणि कुणी कळवलं नाही, एवढं पुरे.

लोकमान्य_रोड

सगळे लाच घेणाऱ्यावर बोलताय. मी दिलीय ती सांगतो.

माझे काका एका मोठ्या इस्पितळात गेले. कुठल्या ते नको. अपघात झाला होता, पण घरातल्यांच्या मते हृदयविकारानंच गाडीवरून पडले. पोलीस केस म्हणजे शवविच्छेदन, म्हणजे उद्या. काकू घरी, गावाकडनं सगळे आलेले, दिवे लागायच्या आत न्यायचं असं वडीलधाऱ्यांचं म्हणणं. एक माणूस बाजूला घेऊन बोलला. फार नाही मागितले. उलट चांगला बोलला, ‘तुमच्या घरातली अवस्था बघवत नाही’ असं म्हणाला. मी दिले. दाखल्यावर कारण बदललं आणि आम्ही तासाभरात निघालो. त्याच्याविषयी आजही माझ्या मनात राग नाही. काकूला तर तो देवमाणूस वाटतो.

वडगावकर, तुमची पहिली लाच ही. चावलेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ लिहून घेणारा मुलगा. मंत्री वगैरे चौथ्या प्रकरणात आणा.

डॉ_कॅम्प

दुरुस्ती नव्हे, भर. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू असले तर मात्र एरवी दिवसाच. कुणीतरी चावल्यामुळे मेलेला माणूस संशयास्पदमध्येच येणार, म्हणजे सकाळपर्यंत थांबा. आणि तुम्ही कारण बदललंत की तो माणूस यादीतून गेला. त्याला कुठे चावलं, घरात आणखी कुणाला चावलं, हे विचारायला कुणी येणार नाही. साथ तिथे सुटली.

माळी_गल्ली

थांबा थांबा डॉक्टर. उलटं नाही का? ज्यानं पैसे दिले त्याचा माणूस तासाभरात चितेवर. जाळल्यावर कोण उठणार? जो कायद्यानं चाललाय, रांगेत थांबलाय, त्याचाच बाप सकाळी शवागारात उठून बसणार!

लोकमान्य_रोड

...हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

डॉ_कॅम्प

म्हणजे लाच दिलेल्यांमुळे उठणारे कमी आणि चावलेले जास्त. लाच न दिलेल्यांमुळे चावलेल्यांची यादी पक्की, पण शवागार भरलेलं. दोन्ही मिळून शहर जातं. लेखक महाशय, तुमची अडचण वाढली.

वडगावकर_मुक्काम_पुणे

वाढू दे. मला हेच पाहिजे होतं. आता कथेत दोन भाऊ. धाकटा पैसे देऊन आईला संध्याकाळी घेऊन जातो आणि आईनं मरताना चावलेली नात घरात तापानं झोपलेली आहे. थोरला सरळमार्गी शिक्षक, सासऱ्यांसाठी रांगेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. नगरसेवक दोघांच्या घरी सांत्वनाला येऊन जातो.

येळ्ळूर_गड

हे चालेल. यात कुणाची चेष्टा नाही.

सीमावासी_५६

नगरसेवकाला चावू दे खरं.

कुंदा_पावशेर

चावून काय उपयोग? पाच वर्षांनी परत येतोच की.

संपादक_मंडळ

दहन-दफन यावरून समाजांची तुलना करणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. कथेपुरते बोला.

शेरा_आणि_सही

आयुष्य नोंदवह्यांत गेलं, आता निवृत्त. धागा सगळा वाचला, म्हणून लिहितोय. शेवटाकडं तुम्हाला लागेल असं एक सांगतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. डॉक्टरांनी कारण लिहिलेला कागद त्याला जोडतात. समजा नोंद झाली, दाखला गेला, वारसाचा अर्ज पडला, उताऱ्यावर नावं चढली. आणि मग गृहस्थ उठून खिडकीवर आले, माझं नाव परत घाला म्हणाले. करता येतं काय? १९६९च्या कायद्याचं पंधरावं कलम बघा. नोंद चुकीची असेल किंवा खोटेपणानं झालेली असेल तरच ती रद्द करता येते. तीसुद्धा मूळ ओळीला हात न लावता. समासात शेरा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची.

इथं नोंद चुकीची नाही. माणूस खरोखर मेला होता. मेल्यानंतर उठला तर काय, याला रकाना नाही. म्हणजे जो कागदावर खोटा मेलाय त्याला समासात जागा आहे, आणि जो खरा मरून आलाय त्याला नाही. असा झोंबी जिवंत व्हायचा असेल तर कारकुनाला लिहावं लागेल की तो मेलाच नव्हता, आणि डॉक्टरचा कागद खोटा होता. शेवटची लाच ती. पहिल्या लाचेनं दाखल्यावर खोटं कारण घातलंय, त्यामुळं कागद खोटा ठरवणं सोपंच जाईल.

वडगावकर_मुक्काम_पुणे

साहेब, पाया पडतो. म्हणजे धाकट्या भावाची आई परत येऊ शकते आणि थोरल्याचे सासरे येऊ शकत नाहीत! पण तिला तर जाळलंय...

माळी_गल्ली

पावसाळा दाखवा. लाकडाचा ठेका कुणाकडं होता?

वडगावकर_मुक्काम_पुणे

ओली लाकडं. अरे देवा. चौथं प्रकरण मिळालं. साहेब, एकच विचारतो, समासातल्या त्या शेऱ्याला कारकून किती घेईल?

शेरा_आणि_सही

ते तुमच्या वेणुपूरचा दर बघून ठरवा. फक्त आगाऊ घ्यायला सांगा त्याला. गिऱ्हाईक झोंबी आहे.